मारिया आणि तारण: प्रोटेस्टंट आक्षेप नेमका कुठे लागतो?

कॉलेज_रोड (धागा सुरू करणारे)

आपल्या बेळगाव भागात मेथडिस्ट (प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक घरं एकमेकांना लागून आहेत. सोयरिका होतात, मयताला जाणं-येणं असतं, नाताळात करंज्या-नेवऱ्यांची ताटं फिरतात. वाद निघाला की मात्र दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘तुम्ही मरीयेची पूजा करता’ आणि ‘तुम्ही मरीयेला मानतच नाही’. दोन्ही अर्धवट. नाव उच्चारण्यावरूनसुद्धा घर ओळखू येतं: आमच्या पवित्र शास्त्रात मरीया, त्यांच्या जपमाळेत मारिया, आणि घरी कोकणी असेल तर सायबीण.

धागा काढतोय तो आक्षेप नीट मांडता यावेत म्हणून. अट एकच: समोरच्याच्या अधिकृत लिखाणातलं काय ते घ्या. वेळांकणीच्या मरीयेला कुणी साडी वाहिली किंवा अमक्या पास्टरने पुतळ्याला काय म्हटलं, हा पुरावा होत नाही.

आमच्या बाजूचे आक्षेप चार: (१) शास्त्रात नसलेल्या गोष्टी श्रद्धेचा भाग केल्या, (२) मध्यस्थ एकच असताना दुसरी उभी केली, (३) देवाला द्यायचा मान माणसाला दिला, (४) तारणात माणसाच्या कर्माला जागा ठेवली. माझ्या मते पहिले तिन्ही चौथ्याच्या खुंटीला टांगलेले आहेत. चौथा सोडून नुसतं मरीयेवर भांडलं की गाडी फिरून फिरून बोगारवेसलाच येते.

नंदगड_फाटा

कॅथलिक आहे, उत्तर देतो. आधी श्रद्धासिद्धांत कोणते आणि भक्ती कोणती हे वेगळं करू, कारण निम्मी भांडणं तिथली असतात.

मारियेबद्दल बंधनकारक सिद्धांत चारच आहेत. देवमाता (इफिसची परिषद, ४३१). नित्य कौमार्य. निष्कलंक गर्भसंभव (नववे पायस, ८ डिसेंबर १८५४). स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला सदेह स्वर्गात नेलं जाणं (बारावे पायस, १ नोव्हेंबर १९५०). बाकी लुर्द, फातिमा, वेळांकणी इथली दर्शनं, तपकिरी स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे कापडी तुकडे), बुधवारची नोव्हेना प्रार्थना, हे सगळं ऐच्छिक. फातिमाचं दर्शन खरं मानलं नाही म्हणून कुणी कॅथलिक असायचा थांबत नाही. बेळगावच्या कॅथेड्रलला फातिमा मातेचं नाव आहे, तरीही नाही.

आणि एक चूक दोन्हीकडचे करतात. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म नव्हे. मारिया स्वतः तिच्या आईच्या पोटी राहिली त्या पहिल्या क्षणापासून मूळ पापाच्या डागापासून राखली गेली, असा तो सिद्धांत. साध्या पद्धतीने, आईबापापोटीच. कुमारी जन्म हा विषय वेगळा, आणि तो तुमच्या-आमच्या दोघांच्या श्रद्धाकबुलीत आहे.

कॉलेज_रोड

बरोबर. आता त्यातला कुठला आक्षेप किती चालतो ते बघू.

‘देवमाता’ यावर आमचा आक्षेप नाही. नसावाच. इफिसचा मुद्दा मरीयेचा नव्हता, येशूचा होता: पोटात होता तो एकच, देव आणि मनुष्य. हे नाकारलं की येशूतला देव आणि मनुष्य वेगळे काढणाऱ्या नेस्टोरियसकडे जाऊन पोहोचतो. ‘मरीया देवाची आई म्हणजे देवाला जन्म देणारी देवी’ असं समजून हे नाव नाकारणारे पुष्कळ आहेत, पण त्या नावाचा अर्थच तसा नाही.

१८५४ वर मात्र आमचे तीन मुद्दे.

एक, लूक १:२८. लॅटिनमध्ये ‘कृपेने भरलेली’ असं झालं, त्यावरून ‘कृपापूर्ण’ आलं. मूळ ग्रीकमध्ये केखारितोमेने, म्हणजे जिच्यावर कृपा झालेली आहे ती. आपल्या मराठी शास्त्रातलं ‘कृपा पावलेली’ मुळाला जास्त धरून आहे. शिवाय तेच क्रियापद इफिस १:६ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी आलंय. शब्दशः ‘कृपेने पूर्ण’ हवं असेल तर ते प्रेषितांची कृत्ये ६:८ मध्ये स्तेफनासाठी आहे, आणि त्याला कुणी जन्मतः निष्पाप म्हणत नाही.

दोन, उत्पत्ती ३:१५. पुतळ्यात मरीयेच्या पायाखाली साप असतो तो या वचनावरून. जुन्या लॅटिन प्रतीत ‘ती तुझं डोकं फोडील’ असं होतं. हिब्रूत सर्वनाम पुल्लिंगी आहे आणि ते संततीला लागतं. रोमनेच १९७९ च्या नव्या लॅटिन आवृत्तीत ते दुरुस्त केलं. पुतळे तसेच राहिले.

तीन, मध्ययुगातल्या थोमस अक्वायनसने हा सिद्धांत मान्य केला नव्हता, क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने त्याचा सण पाळण्यावरच हरकत घेतली होती. दोघे तुमचेच संत. मग ‘प्रेषितांपासून चालत आलंय’ कसं म्हणायचं?

नंदगड_फाटा

तिसरा मुद्दा जड आहे, मान्य. अक्वायनसची अडचण अशी की तिला पाप लागलंच नसेल तर ख्रिस्ताने तिला तारलं कशातून? उत्तर पुढे डन्स स्कोटस या धर्मपंडिताने दिलं: विहिरीत पडलेल्याला दोर टाकून काढणं हेही वाचवणं, आणि काठावरच हात धरून पडू न देणं हेही वाचवणंच. दुसरं जास्त पूर्ण. १८५४ च्या व्याख्येत म्हणूनच ‘येशू ख्रिस्ताच्या पुण्याईच्या आधारे’ हे शब्द आहेत. म्हणजे लूक १:४७ मध्ये ती ‘देव जो माझा तारणारा’ म्हणते त्याला आमची हरकत नाही. तीही तारलेलीच, फक्त आधीच. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद ४९० ते ४९३ वाचा.

पहिल्या दोन मुद्द्यांवर: एका शब्दावर सिद्धांत उभा राहत नाही हे खरं, आणि कॅथलिक अभ्यासकही आता तसं मांडत नाहीत. सापाच्या पुतळ्याबद्दल वाद घालत नाही. भाषांतर चुकलं होतं.

कडोली_कट्टा

मध्येच येतो. रोम ३:२३, ‘सर्वांनी पाप केले’. विषय संपला की.

कॉलेज_रोड

नाही गा, संपत नाही. त्या ‘सर्वांत’ येशू बसतो काय? पोटातलं मेलेलं बाळ बसतं काय? अपवाद असतो हे तुम्हीही मानता. प्रश्न एवढाच की मरीयेच्या अपवादाला आधार काय. प्रोटेस्टंटांना उत्तर द्यायला भरलेल्या कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये मूळ पापाचा ठराव केला तेव्हाही मरीयेला त्यात धरायचा आमचा हेतू नाही असं मुद्दाम लिहून ठेवलं, पण सिद्धांत केला नाही. तो करायला पुढे तीनशे वर्षं लागली. आधाराचा प्रश्न तिथे विचारायचा.

अक्षर_ओळ

‘येशूचे भाऊ’ कुणीच काढलं नाही अजून, आश्चर्य आहे. मार्क ६:३ मध्ये याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी चार नावं, शिवाय बहिणी.

मराठी वाचकाला यात गंमत कळेल. आपल्याकडे चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ सगळे ‘भाऊ’च, सख्खा आहे हे सांगायला ‘सख्खा’ शब्द लावावा लागतो. हिब्रू-अरामीत तसंच. कॅथलिक उत्तर यावर उभं आहे. पण ग्रीकमध्ये चुलत-मावस भावाला वेगळा शब्द आहे, अनेप्सिओस, आणि पौलाने तो कलस्सै ४:१० मध्ये वापरलाय. शुभवर्तमानकारांनी तो का वापरला नाही, हा प्रोटेस्टंट प्रतिप्रश्न. त्यावर कॅथलिक मत्तय २७:५६ दाखवतात: याकोब आणि योसे यांची आई म्हणून तिथे दुसरीच मरीया उभी आहे. तीच दोन नावं.

या मुद्द्यावर तीन जुनी मतं आहेत. हेल्विडियसचं: सख्खे धाकटे भाऊ. जेरोमचं (३८३ मध्ये हेल्विडियसला दिलेलं उत्तर): मावस-चुलत. एपिफानियसचं, पूर्वेकडे चालत आलेलं: योसेफाच्या पहिल्या बायकोची मुलं. कॅथलिक सिद्धांत एवढंच सांगतो की ती मारियेची नव्हेत. दुसरं की तिसरं ते मोकळं सोडलंय.

‘पर्यंत’चा वादही भाषेचाच. मत्तय १:२५ मध्ये मुलगा होईपर्यंत योसेफाने तिच्याशी सहवास ठेवला नाही. म्हणजे नंतर ठेवला? आपण ‘मी येईपर्यंत दार उघडू नको’ म्हणतो तेव्हा नंतर उघडणार हे धरलेलं असतं. पण २ शमुवेल ६:२३ मध्ये मीखलला मरेपर्यंत मूल झालं नाही, तिथे नंतर झालं असा अर्थ कसा निघेल? तेव्हा ‘पर्यंत’ एकटा काहीच ठरवत नाही. संदर्भावरून झुकतं माप कुठे जातं ते बघायचं. माझं माप प्रोटेस्टंट बाजूला जातं, पण या मुद्द्यावर मंडळी तोडण्यात अर्थ नाही.

कॉलेज_रोड

आणि मेथडिस्टांनी तर इथे जपूनच बोलावं. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याने १७४९ मध्ये एका रोमन कॅथलिकाला लिहिलेल्या पत्रात मरीया प्रसूतीच्या आधी जशी होती तशीच नंतरही कुमारीच राहिली असं आपली श्रद्धा म्हणून लिहिलंय. ल्यूथर आणि झ्विंग्लीही नित्य कौमार्य मानत. ‘हे कॅथलिकांचं थोतांड’ म्हणणाऱ्याला आपल्याच मिशनचा पाया माहीत नसतो. बेळगावचं मिशन १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलं, १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं. तेव्हापासून इथल्या जुन्या मराठी मंडळ्या वेस्लीच्या वारशात बसतात.

खडेबाजार

स्वर्गोन्नयनावर बोला. मला तिथला आक्षेप सगळ्यात भक्कम वाटतो.

कॉलेज_रोड

तोच. कारणं सांगतो.

शास्त्रात तिच्या शेवटाबद्दल एक ओळ नाही. चौथ्या शतकात एपिफानियस स्पष्ट लिहितो की तिचा शेवट कसा झाला, कुणाला ठाऊक नाही. तिच्या निधनाच्या कथा पसरलेल्या दिसतात त्या पुढच्या शतकांत. प्रकटी १२ मधली सूर्य पांघरलेली स्त्री दाखवतात, पण ती तिथे इस्राएल किंवा मंडळी अशीही वाचता येते, आणि तिला प्रसूतीच्या वेणा होतात.

तरीही तो माझा मुख्य मुद्दा नाही. हनोख गेला, एलिया गेला. देवाने मरीयेला सदेह नेलं असेल तर मला काय त्रास? त्रास १९५० च्या कागदाच्या शेवटाला आहे. व्याख्येच्या पाठोपाठ लिहिलंय की जो कुणी जाणूनबुजून हे नाकारील किंवा यावर शंका घेईल तो दैवी आणि कॅथलिक श्रद्धेपासून पूर्ण ढळला. म्हणजे जी गोष्ट पहिल्या तीन शतकांतल्या विश्वासणाऱ्याने ऐकल्याचीही खूण नाही, ती आता श्रद्धेत राहण्याची अट. आता हा आक्षेप मरीयेवर राहिला का? नाही, तारणासाठी काय मानणं लागतं ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, यावर गेला.

नंदगड_फाटा

आक्षेप नेमका आहे म्हणून उत्तरही नेमकं देतो.

त्या वाक्यात ‘जाणूनबुजून’ आहे ते सोडू नका. जन्मापासून प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेल्याला फुटीच्या पापाचा दोष लावता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये लिहिलं आणि धर्मशिक्षणग्रंथात ते ८१८ क्रमांकाला आहे. त्याच परिषदेच्या ख्रिस्तैक्याच्या आदेशात, परिच्छेद ११ मध्ये, सत्यांची उतरंड असते असं म्हटलंय: सगळी सत्यंच, पण पायापासूनचं अंतर सगळ्यांचं सारखं नाही. त्रैक्य आणि स्वर्गोन्नयन एका पायरीवर नाहीत.

व्याख्येत ती मेली की नाही हेही ठरवलेलं नाही. ‘ऐहिक जीवनक्रम पूर्ण झाल्यावर’ एवढंच. जाणीवपूर्वक मोकळं ठेवलंय.

अधिकाराचा प्रश्न उरतोच. तो मी झाकत नाही.

कडोली_कट्टा

१ तीमथ्य २:५. देव एक, मध्यस्थ एक. यावर काय म्हणणं? आणि जपमाळेत ५० वेळा मरीयेचं नाव आणि ५ वेळा प्रभूची प्रार्थना. दहाला एक. हिशेबच बोलतो.

नंदगड_फाटा

हिशेब करायचा तर पूर्ण करा. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या गटांच्या) जपमाळेत ‘नमो मारिया’ ५३ वेळा (सुरुवातीचे तीन धरून) आणि ‘हे आमच्या बापा’ ६ वेळा. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग लूक १:२८ आणि १:४२ मधला, त्याचा शेवट येशूच्या नावावर. दुसरा अर्धा ‘आमच्यासाठी विनंती कर’ हा चर्चने जोडलेला. मणी हे मोजमाप, मनन करायचं ते रहस्यांवर, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर. २००२ पासून रहस्यांचे संच चार आणि रहस्यं वीस. त्यातली शेवटची दोन, स्वर्गोन्नयन आणि राज्ञीपद, सोडली तर अठरा सरळ नव्या करारातली. घाईघाईत तोंडाने मणी सरकवणं ही चूक होते, आणि होते हे कबूल.

आता २:५. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत पौल सगळ्यांसाठी विनंत्या करायला सांगतो. तुम्ही पास्टरना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणता तेव्हा २:५ मोडतं का? नाही, कारण ते ख्रिस्ताच्या मध्यस्थीच्या आत राहून विनवणी करतात, तिच्या शेजारी उभे राहून नाही. मारियेचं तसंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लूमेन जेन्शियुम’ या चर्चवरच्या दस्तऐवजात परिच्छेद ६० आणि ६२ याबद्दलच आहेत: तिच्या मध्यस्थीने ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीत काही भर पडत नाही, घटही होत नाही.

कॉलेज_रोड

पास्टरची उपमा अर्धीच चालते. पास्टर जिवंत आहेत आणि ऐकतात. मेलेल्या माणसाला हाक मारायचा आधार कुठे? याकोब ५:१६ जिवंतांबद्दल आहे. प्रकटी ५:८ मध्ये पवित्र जनांच्या प्रार्थनांच्या वाट्या आहेत, पण त्यांना कुणी हाक मारल्याचं तिथे नाही. २ मक्काबी १५ मध्ये यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो, पण ते पुस्तक आमच्या प्रमाणग्रंथात नाही, आणि तिथेही त्याला कुणी विनवलेलं नाही. स्वर्गातले संत आपल्यासाठी प्रार्थना करतात हे मी सहज मानतो. आपण त्यांना उद्देशून बोलावं, आणि हजारो ठिकाणची हजारो मनं त्यांना ऐकू यावीत, हे वेगळं पाऊल. पूल तिथे तुटतो.

जुनेपणा मान्य करतो. ‘तुझ्या आश्रयाखाली’ ही मरीयेची ग्रीक प्रार्थना एका पपायरसवर आहे. तो पूर्वी तिसऱ्या शतकातला धरत, आता काही अभ्यासक पुढची शतकं सांगतात. जुनं आहे, पण प्रेषितांचं नाही.

मेथडिस्ट श्रद्धेच्या वेस्लीच्या पंचवीस कलमांतलं चौदावं कलमही बघा. शुद्धिस्थान, पापक्षमापत्रं, मूर्ती-अवशेषांचं पूजन आणि संतांचा धावा, हे सगळं एका दमात ‘शास्त्राचा आधार नसलेलं’ म्हणून नाकारलंय. मेथडिस्ट असाल तर आक्षेप इथून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या बाबेलच्या राणीच्या गोष्टीवरून नको.

तिसरी_रांग

भक्ती या शब्दानेच घोळ केलाय. लॅटिनमध्ये तीन पायऱ्या: लात्रिया फक्त देवाला, दुलिया संतांना, हायपरदुलिया मारियेला. मराठीत लात्रियाला ‘आराधना’ चालेल, दुलियाला ‘सन्मान’ किंवा ‘वंदन’. पण आपण ‘मारियाभक्ती’ म्हणतो, आणि मराठीत भक्ती विठ्ठलाची, म्हणजे देवाचीच. शेजारी सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा भरते, तिथेही ‘आई’. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला मेणबत्ती, फुलं, नवस, आई असं सगळं एकदम दिसलं की तो ओळखीच्या चौकटीतच बसवणार. कोकणीत तर सायब म्हणजे प्रभू आणि सायबीण त्याचं स्त्रीलिंगी रूप. प्रोटेस्टंट कान तिथेच टवकारतात. शिकवण काय आहे आणि समोरच्याला काय ऐकू येतं यातलं अंतर कमी करणं फादरांचं काम आहे. ‘लूमेन जेन्शियुम’चा परिच्छेद ६७ उपदेशकांना तेच बजावतो: अतिशयोक्ती टाळा, कोतेपणाही टाळा.

नंदगड_फाटा

पटलं. अठराव्या शतकातल्या भक्तिपुस्तकांत मारिया दयेची आणि येशू न्यायाचा अशी वाटणी सापडते. ती सिद्धांत नाही आणि धोक्याची आहे.

मारियेला कागदावर कुठे ठेवायचं यावरही आमच्यात ओढाताण झालीच होती. २९ ऑक्टोबर १९६३ ला त्याच व्हॅटिकन परिषदेत मतदान झालं: मारियेवर स्वतंत्र दस्तऐवज की चर्चवरच्या दस्तऐवजातच प्रकरण? आतच ठेवा म्हणणारे १,११४, वेगळा म्हणणारे १,०७४. चाळीस मतांचा फरक. म्हणून ‘लूमेन जेन्शियुम’चं आठवं प्रकरण तिचं आहे. ती चर्चच्या आत आहे, वर नाही.

‘सह-तारणकर्ती’ ही उपाधी सिद्धांत करा अशी मागणी कित्येक वर्षं होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने मारियेचं सहकार्य सांगायला ती उपाधी वापरणं योग्य नाही असं टिपण काढलं, ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या शब्दालाही जपून वापरायला सांगितलं. यापुढे ‘तुमचं चर्च तिला सह-तारणकर्ती म्हणतं’ हा आक्षेप कॅथलिक शिकवणीवर घेता येणार नाही.

कॉलेज_रोड

वाचलंय. चांगलं झालं. आता खुंटीकडे येऊ.

‘तारण’ शब्द मराठीत सोसायटीच्या पासबुकातही आहे. सोनं तारण ठेवतात. हप्ता भरला नाही तर जातं. पवित्र शास्त्रातलं तारण असं आहे का, हाच प्रोटेस्टंट-कॅथलिक वाद, एका ओळीत.

आमचं म्हणणं: देव पाप्याला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर नीतिमान ठरवतो. न्यायालयातला निकाल. पवित्र होत जाणं त्याच्या मागून, निश्चित येतं, पण निकालाचा आधार ते नाही. रोम ३:२८, इफिस २:८-९. मराठी भाषांतरकारांनी ‘ठरणे’ हे क्रियापद घेतलं तेव्हा ग्रीक अर्थ अचूक पकडला. लॅटिन शब्दात ‘नीतिमान करणे’ शिरलं आणि ऑगस्टीनपासून पश्चिमेत ते रुळलं.

कॅथलिक म्हणणं, १३ जानेवारी १५४७ च्या ट्रेंट ठरावातून (सोळा अध्याय, तेहतीस नियम): नीतिमान ठरणं म्हणजे पापक्षमा आणि आतून नवं होणं, दोन्ही मिळून. क्रम असा. आधी देवाची पूर्वकृपा, माणसाच्या कुठल्याही पुण्याईशिवाय. तिच्या मदतीने माणूस वळतो: विश्वास, भय, आशा, प्रीतीची सुरुवात, पापाचा तिटकारा. मग बाप्तिस्मा, त्यात नीतिमत्त्व. मग कृपेत केलेल्या कर्मांनी वाढ. प्राणघातक पापाने ते जातं, पापनिवेदन संस्काराने परत मिळतं. पासबुकाची उपमा तिथली.

सातव्या अध्यायात कारणं मोजलीत, ती मुद्दाम वाचा. ज्याच्या पुण्याईने हे मिळतं ते कारण एकटा येशू ख्रिस्त. साधन बाप्तिस्मा. आणि पहिल्याच नियमात, ख्रिस्ताच्या कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो म्हणणाऱ्याला शाप आहे. ‘कॅथलिक कर्माने तारण मिळवतात’ हे वाक्य ट्रेंटनेच बाद केलंय. आमचा खरा आक्षेप नववा आणि बत्तिसावा नियम यांवर. ‘केवळ विश्वासाने’ याला नववा नाकारतो. नीतिमान ठरलेल्याची सत्कर्मं देवाचं दान असूनही सार्वकालिक जीवन खऱ्या अर्थाने कमावतात असं बत्तिसावा धरतो. ‘दान’ आणि ‘कमाई’ एका वाक्यात बसवायचा प्रयत्न. माझ्या मते बसत नाही.

नंदगड_फाटा

ऑगस्टीनने बसवलंय: आमची पुण्याई मुकुटवताना देव आपलीच दानं मुकुटवतो. धर्मशिक्षणग्रंथ २००७: देवापुढे माणसाचा काटेकोर अर्थाने कसलाही हक्क नाही. २०१०: पहिली कृपा कुणालाच कमावता येत नाही. मुलाच्या हातात दहाची नोट देऊन बाप त्याच्याकडूनच वाढदिवसाचं फूल घेतो. फूल मुलाचं का बापाचं? दोघांचं.

आणि ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जोडीने नव्या करारात एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे नकार आहे. रोम ३:२८ मधला ‘केवळ’ ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातला.

अक्षर_ओळ

‘केवळ’ त्याच्या आधीच्या काही लेखकांनीही त्या वचनाच्या अर्थात धरलाय, तो नुसता ल्यूथरचा हट्ट नव्हे. आणि याकोब ज्या विश्वासाबद्दल बोलतो तो भुतांनाही असतो (२:१९). पौलाचा विश्वास तो नव्हे. शब्द एक, वस्तू दोन.

नवी_मंडळी

आम्ही स्वतंत्र फेलोशिपवाले. आमच्याकडे विचारतात, ‘आज रात्री मेलास तर कुठे जाशील, खात्री आहे काय?’ कॅथलिकाला उत्तर देता येत नाही. मेथडिस्ट अडखळतो. एकदा तारण झालं की झालं.

कॉलेज_रोड

अक्का, हा कॅल्विनच्या बाजूचा वारसा, वेस्लीचा नाही. वेस्लीची खात्री आजच्या क्षमेची: आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो (रोम ८:१६). शेवटपर्यंत टिकणारच याची नाही. विश्वासणारा घसरू शकतो असं तो शिकवत असे. ट्रेंटचा सोळावा नियम खास प्रकटीकरणाशिवाय शेवटपर्यंतच्या चिकाटीची अचूक खात्री असल्याचा दावा नाकारतो. म्हणजे या एका प्रश्नावर मेथडिस्ट तुमच्यापेक्षा कॅथलिकाजवळ उभा आहे. पूर्वकृपेतही तसंच. मेथडिस्ट पोरांनी कॅल्विनी यूट्यूबवरून आक्षेप उचलले की पुढच्या वाक्याला त्यांचीच कलमं आडवी येतात.

शिवाय ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्चने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्र केलं. २००६ मध्ये सोलला जागतिक मेथडिस्ट परिषद त्यात सामील झाली, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ. गाभा असा: आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो. सगळे लुथरन त्यात नाहीत, अमेरिकेतल्या लुथरनांच्या मिसुरी सिनडने नाकारलं. मरीया, शुद्धिस्थान, पोपचा अधिकार हे त्यात नाही.

म्हणून म्हणतो, मरीयेवर बोलायचं तर तिने देवदूताला दिलेल्या होकारावर, त्या ‘होवो’वर (लूक १:३८) बोला. तो ‘होवो’ कृपेचं फळ एवढंच, की कृपेबरोबरचं खरं सहकार्य? ल्यूथरने १५२१ मध्ये तिच्या गीतावर लिहिताना जोर दिला तो यावर की देवाने दासीच्या दैन्याकडे पाहिलं, गुणाकडे नव्हे. कॅथलिक म्हणतो तिने हो म्हटलं, आणि ते म्हणणं मोजलं गेलं. बाकीचं सगळं त्या एका शब्दाच्या दोन वाचनांतून फुटतं.

खडेबाजार

सोयरिकीचं कुणी सांगा. मेथडिस्ट मुलाला कॅथलिक मुलीशी लग्न करायला हे सगळं मानावं लागतं काय?

तिसरी_रांग

नाही. क्रमाने सांगतो.

दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर तो मिश्र विवाह, त्याला बिशपची परवानगी लागते (कॅथलिक चर्चच्या कायद्याचा नियम ११२४). मेथडिस्टाचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झाला असेल तर तो ग्राह्य, पुन्हा देत नाहीत. फक्त ‘येशूच्या नावाने’ झालेला असेल, काही नव्या मंडळ्यांत तसा होतो, तर तपासतात. दाखल्यावर शब्द लिहून घ्या.

वचन कॅथलिक व्यक्ती देते: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा व संगोपन होण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन (११२५). दुसऱ्याला या वचनाची माहिती द्यायची असते, त्याने तेच वचन द्यायचं नसतं. मारियेबद्दल त्याला काही कबूल करावं लागत नाही. चारही सिद्धांत मानावे लागतात ते कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश घेताना, लग्नासाठी नव्हे.

लग्न मेथडिस्ट चर्चमध्ये करायचं तर कॅथलिक विधीच्या रूपातून सूट आधी घ्यावी लागते (११२७). ती न घेता केलं तर कॅथलिक कायद्याने ते वैध धरत नाहीत, आणि मग पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला गेल्यावर घोळ समजतो. दोन्ही घरांची हौस म्हणून सकाळी एका चर्चमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्यात असं दोनदा लग्नही लावता येत नाही. एका ठिकाणी विधी, दुसऱ्या बाजूचे पाळक येऊन वचन वाचू शकतात, प्रार्थना करू शकतात.

कॅथलिक व्यक्तीचा बाप्तिस्म्याचा दाखला जुना पेटीतला चालत नाही. पॅरिशच्या रजिस्टरवरून नवा काढावा लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला, कारण आधीच्या लग्नाची नोंद असेल तर ती त्याच पानावर असते.

खडेबाजार

आणि मुलीकडच्यांच्या घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू असेल तेव्हा मुलाने काय करायचं?

नंदगड_फाटा

बसायचं. ‘हे आमच्या बापा’ येईल तेव्हा म्हणायचं, सहा वेळा येतं.

कॉलेज_रोड

‘नमो मारिया’चा पहिला अर्धाही म्हणायला हरकत नाही, तो लूकच आहे. दुसऱ्या अर्ध्याला गप्प.